कुठले शिंदे?

(रविवारच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडी काटछाट केलीय.)



पत्रिकेवर माझ्या नावाखाली विषय छापलाय : 'एकट्याचा प्रवास'. ज्यानं छापला त्याला वाटलं असणार, हा पोरगा पाठीवर सॅक टाकून चार दिवस औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, फिरून आला. लेणी बघितली, किल्ला चढला, तर चार गमतीजमती सांगेल. सांगतो. पण त्या गमतीच्या पोटात एक गोष्ट अशी आहे की ती मी अजून घरीसुद्धा सांगितलेली नाही. तेव्हा मधेच उठू नका. चहा नंतर आहे.

आधी माझ्या काकीचा प्रश्न ऐका. गंगापूर तालुक्यात आमचं मूळ गाव. या फिरण्यात एक दिवस तिथं गेलो. काकीनं माझ्याकडं बघितलं, सॅककडं बघितलं, म्हणाली, "कामाला आला का रे?"

"नाही काकी, फिरायला."

"कोणासंगं?"

"एकटाच."

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "कोणी मेलं का?"

काम, लग्न, मयत, दुष्काळ आणि मोर्चा. आपल्या माणसानं घर सोडून बाहेर पडायची तिला ठाऊक असलेली कारणं एवढीच. नुसतं बघायला म्हणून पदरचे पैसे मोडून निघालेला वाघमारे तिनं पहिल्यांदा पाहिला. आणि तिचं काय चुकलं? चालण्यात आपली माणसं कुणाला हार गेलेली नाहीत. पाटलाचा निरोप घेऊन धावणारा महार, सरकारी वसुली कचेरीत पोचवणारा महार, मुक्कामाला आलेल्या साहेबाचं बिऱ्हाड पुढच्या शिवेपर्यंत वाहून नेणारा महार, परक्या वाटसरूला वाट दाखवणारा, मयताची खबर घेऊन पाच-सात कोस तुडवणारा महारच. पाठीवर बोचकं टाकून भटकायचं हे पांढरपेशांच्या पोरांनी काल-परवा साहेबाकडून उचललं. आपल्याकडं ते पिढ्यान्‌पिढ्या चालू होतं. फक्त बोचकं दुसऱ्याचं होतं आणि वाटेतल्या विहिरीवर पाणी नव्हतं. माझ्या सॅकमध्ये माझंच सामान होतं. दोन शर्ट, एक चादर, पाण्याची बाटली आणि एक पातळशी पुस्तिका.

त्या पुस्तिकेपायीच मी निघालो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' तिचं नाव. बाबासाहेबांनी स्वतःवर आणि आपल्या लोकांवर गुदरलेले प्रसंग त्यात लिहिलेत. त्यांच्या हयातीत ते छापून आलं नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली ते पुस्तिका म्हणून काढलं. त्यात एक प्रसंग सहलीचा आहे. होय, सहलीचा! चळवळीच्या दगदगीत कार्यकर्त्यांना एकदा वाटलं, आपणही चार स्थळं बघावीत, बाबासाहेब बरोबर असावेत. साल १९३४. ठरलं की वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच. नाशिकहून तीसेक माणसं बस आणि मोटारी भाड्यानं घेऊन येवल्यावरून निघाली.

आता नीट ऐका. हा कार्यक्रम त्यांनी मुद्दाम जाहीर केला नव्हता. आपण कोण हे वाटेत कळू नये म्हणून. ज्या माणसानं गोलमेज परिषदेत इंग्रजाला तोंडावर सुनावलं, ज्याच्याशी पुणे करार करायला गांधींना बसावं लागलं, तो माणूस निजामाच्या मुलखातला एक किल्ला बघायला गुपचूप निघाला होता. जिथं थांबायचं तिथल्या आपल्या माणसांना तेवढं कळवलेलं. दौलताबादच्या वेशीवर आपली माणसं चहा घेऊन उभी होती. अंधार पडायच्या आत किल्ला बघू, चहा परत येताना घेऊ, म्हणून ही मंडळी तशीच पुढं गेली. दरवाजाबाहेर पाण्यानं काठोकाठ भरलेलं लहानसं टाकं होतं. सगळे धुळीनं माखलेले. काहींनी तोंड धुतलं, पाय धुतले. दिवस रमजानचे. आत जाऊन परवानगी विचारताहेत तोच मागून एक म्हातारा बाबा ओरडत आला, ढेडांनी टाकं बाटवलं म्हणून. माणसं जमली. शिव्यांचा पाऊस. मारामारी व्हायची वेळ आली. तेव्हा बाबासाहेबांनी विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? उद्या यातला एखादा मुसलमान झाला तर त्याला पाणी अडवाल काय? जमाव गप्प झाला. मग पहारेकऱ्यानं आत सोडलं. अट एकच. आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. आणि ते बघायला मागं एक हत्यारबंद शिपाई दिला.

मी ठरवलं, याच वाटेनं आपण एकट्यानं जायचं. बाबासाहेबांना जो किल्ला शिपायाच्या पहाऱ्यात बघावा लागला तो आपण ऐटीत बघायचा. हा माझा माज होता. कसा उतरला ते आता सांगतो.

मुंबईहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं पहाटे उतरलो. स्टेशनातून पायीच निघालो तो पहिल्यांदा नागसेनवनात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी अजिंठ्याआधी ते बघावं. १९५० साली बाबासाहेबांनी इथं कॉलेज काढलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हातून इमारतीची कोनशिला बसली. नाव दिलं मिलिंद. म्हणजे नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारणारा राजा. लक्षात घ्या, कॉलेजला नाव उत्तरं देणाऱ्याचं दिलं नाही, विचारणाऱ्याचं दिलं. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आलेली पोरं इथल्या वसतिगृहांत राहिली, शिकली आणि लिहायला लागली. इथल्याच गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं. आज आपण ज्या कागदावर गर्जतो त्या कागदाची एक मुळी इथल्या मातीत आहे. सकाळची वेळ होती. झाडाखाली दोन पोरं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक मांडून बसली होती. त्यांनी मला ना नाव विचारलं ना गाव. 'नाश्ता केला का' विचारलं.

तिथून जवळच पाणचक्की. या शहराचं एक मला फार आवडतं. हे वसवलं एका गुलामानं. मलिक अंबर. हबसाणात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनला पोचलेला काळा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना त्यानं जन्मभर सळो की पळो केलं आणि १६१० च्या सुमारास खडकी गाव राजधानी म्हणून उभं केलं. उभं करताना पहिलं काम केलं पाण्याचं. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं शहरात आणलं. पुढं तशाच आणखी नहरी झाल्या, पाणचक्कीचं पाणीही असंच दूरच्या डोंगरातून येतं. विकत घेतलेल्या माणसानं आणलेलं पाणी अख्खं शहर प्यायलं, आणि तिथून पंधरा किलोमीटरवर आमच्या बॅरिस्टराच्या मंडळींनी तोंड धुतलं तर टाकं बाटलं! याच शहराचं पुढं फतेहनगर झालं, १६५३ मध्ये औरंगजेबानं औरंगाबाद केलं, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. नावं बदलायला या शहराला कधी त्रास झालेला नाही. एका नावाचा तेवढा झाला. ते पुढं येतं.

मकबरा बघितला. बघायलाच पाहिजे म्हणून बघितला. तिकीट, फोटो, झालं.

मकबऱ्याच्या मागच्या अंगाला विद्यापीठ. गेटसमोर सॅक खाली ठेवून उभा राहिलो. तुम्हाला तारखा पाठ असतील, तरी सांगतो, कारण आपल्या नव्या पोरांना पाठ नाहीत. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला : मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव. त्या एका नावासाठी मराठवाडा पेटला. कुणाचा? आपलाच. गावोगाव आपली घरं जळली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना ठार केलं. १९७९ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. बायाबापड्या, पोरंठोरं, पाठीवर भाकरीचं गाठोडं. खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी अडवला. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं. आणि १४ जानेवारी १९९४ ला नाव आलं. तेही नामांतर नाही, नामविस्तार. साडेपंधरा वर्षं एका नावाला!

गौतम वाघमारे आमच्या नात्यातला नव्हे. पण आडनाव तेच. लहानपणी शाळेत कुणी आडनावावरून बोललं की आई म्हणायची, त्या गौतमचं आडनाव आहे तुझं, मान वर कर. गेटसमोर मी मान वर केली. छाती भरून आली. पोरासोरासारखा स्वतःचा फोटो काढला.

विद्यापीठाच्या पाठीमागं डोंगरात बुद्धलेणी. एकूण बारा. तिसऱ्या लेण्यात बुद्धापुढं गुडघे टेकून बसलेली माणसं आहेत, दगडाची, जवळजवळ खऱ्या माणसाएवढी. अंधारात डोळा सरावला की दचकायला होतं, वाटतं गर्दी बसलीय. सातव्यात अवलोकितेश्वर. त्याच्या दोन्ही अंगांना प्रवाशांवर येणारी आठ भयं कोरलीत. आग, चोर, बेड्या, बुडणारं गलबत, सिंह, साप, हत्ती आणि मरण. वाटेवर एकट्या पडलेल्या माणसानं हाक मारायची आणि यानं धावून यायचं. व्यापारी तांड्यांची वाट होती ना ही. तेव्हा नुसतं बघितलं. त्या यादीत एक भय कमी आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. एसटीनं दौलताबाद. दरवाजापाशी उतरलो आणि पहिल्यांदा ते टाकं बघायचं मनात होतं. तिथं चहावाला होता, टोप्या विकणारे होते, तिकीट फाडणारा होता. कुणालाही विचारता आलं असतं, की १९३४ साली बाबासाहेब आले ते टाकं कुठलं? नाही विचारलं. का? कारण हे विचारणारा माणूस कोण हे विचारण्यातच कळतं. मी स्वतःला सांगितलं, आधी किल्ला बघू, येताना विचारू.

चढायला लागलो. चांदमिनार मागं पडला, खंदक आला, अंधारीत शिरलो. अंधारी म्हणजे कातळातला तो भुलभुलैया रस्ता, शत्रूला चकवून मारायला केलेला. तिथं वटवाघळांचा वास आणि पायाखाली काही दिसेना. पुढं चार पोरं मोबाईलचा उजेड पाडून चालली होती. एकानं हात दिला. बाहेर आलो तो आम्ही पाच झालो होतो. पुण्याकडची पोरं, नोकरी करणारी, दर महिन्याला एक किल्ला करणारी. पोरं चांगली होती, हे मी मुद्दाम सांगतोय. माझ्या बाटलीत पाणी होतं, त्यांचं संपलं होतं. मी बाटली दिली. चौघांनी आळीपाळीनं तोंडाला लावली. त्यांनी डबा उघडला. ठेपले, लोणचं, शेंगदाण्याची चटणी. एका कागदावर पाच जण जेवलो. मग एकानं सहज विचारलं, "नाव काय म्हणालास?"

मी पहिलं नाव सांगितलं.

"आणि आडनाव?"

साथींनो, हा प्रश्न आहे दोन शब्दांचा. तो विचारणाऱ्याला कळतसुद्धा नाही की त्यानं काय विचारलं. गोऱ्या साहेबाला विचारलं तर तो सांगतो आणि विसरतो. आपल्याकडं त्या प्रश्नात गाव असतं, गल्ली असते, बापाचा धंदा असतो, फी माफ होती का ते असतं. मी त्या पोरांच्या डब्यात हात घातलेला. बाटली त्यांच्या हातात. आणि माझ्या तोंडातून निघालं, "शिंदे."

शिंदे का, तर हे आडनाव सगळ्या जातींत सापडतं. मराठ्यांत आहे, माळ्यांत आहे, मातंगांत आहे, आपल्यात आहे. कुणाच्याही अंगात बसणारा सैल सदरा. मनाची मी अशी समजूत घातली की हे काही पुरतं खोटं नाही. पण तो पोरगा हसून म्हणाला, "कुठले शिंदे? ९६ कुळी का?" आणि मी मान हलवली. तोंडानं हो म्हणालो नाही, तेवढी हुशारी माझ्यात होती. मान हलवली. आदल्या दिवशी गेटसमोर वर केलेली तीच मान.

मग पुढचं तुम्हीच समजा. आपला माणूस म्हटल्यावर माणसं मोकळी होतात. एक म्हणाला, १४ जानेवारीला चुकून या शहरात आलो होतो, सगळीकडं ते लोक, हलायला जागा नाही. दुसरा आपल्या ऑफिसातल्या कुणाबद्दल म्हणाला, कोट्यातून आलाय, पण काम बरं करतो हां. 'बरं करतो' हे त्यानं दिलदारपणे सांगितलं. मी चटणी खात होतो. माझ्या पाठीमागं बंदूकवाला शिपाई कुणी दिलेला नव्हता. गरजच नव्हती. पाण्याला हात लावायचा नाही ही अट १९३४ साली बाहेरच्यांनी घातली होती. तोंड उघडायचं नाही ही अट मी स्वतः घालून घेतली, आणि तंतोतंत पाळली.

टोकावर गेलो, परतताना मेंढा तोफ बघितली, पाचही जणांनी फोटो काढला. त्यातल्या एकानं माझा नंबर घेतला, माझ्यादेखत साठवला : 'शिंदे देवगिरी'. खाली उतरताना म्हणाले, आम्ही आज खुलताबादला लॉजवर उतरतोय, तूही चल, खोली वाटून घेऊ, स्वस्तात पडेल. आता लॉजवर काय मागतात? आधार कार्ड. तिथं शिंदे चालत नाही. मी म्हणालो, माझे एक नातेवाईक आहेत इथं. दुसरं खोटं. त्यांना पुढं जाऊ दिलं. टाक्याचं विचारायचं राहिलं, आणि विचारायला तोंडही नव्हतं. उशिराच्या गाडीनं मीही खुलताबादलाच गेलो, आणि ती रात्र एसटी स्टँडच्या ओट्यावर काढली, सॅक उशाला, चादर डोक्यावरून. कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून. डास आणि कुत्री. मलिक अंबर याच गावात पुरलेला आहे, औरंगजेबही याच गावात, साध्या उघड्या कबरीत. मला दोघांचंही काही नव्हतं. मी मनात हिशोब करत होतो : लॉजच्या वाटणीचे वाचले पैसे आणि गेलं काय.

सकाळी वेरूळला गेलो तर लेणी बंद. मंगळवारी बंद असतात. एवढा पुस्तकं वाचणारा मी, पण वार बघायचं विसरलो. तिथं उभ्याउभ्या मनात आलं, आता दिवस मोकळाच आहे तर गाव बघावं. बापानं मला कधी नेलं नव्हतं. एक एसटी, एक वडापची जीप, उरलेलं पायी.

त्या पायवाटेचा आता डांबरी रस्ता झालाय. तो रस्ता पहिल्यांदा झाला १९७२ च्या दुष्काळात. आजा-आजी दोघंही त्यावर खडी फोडायला होते. लाल मिलो आणि सुकडी खाऊन. रस्ता पुरा झाला तसा त्याच रस्त्यानं आजा मुंबईला निघून गेला. आपण बांधलेल्या रस्त्याचा त्याला तेवढाच उपयोग झाला. त्याचा धाकटा भाऊ मागं राहिला. त्याचीच सून माझी काकी.

गावाच्या पारावर तीन-चार जण बसले होते. "कोणाकडं?" विचारलं. आता काय सांगता? घर शोधायचं तर नाव घ्यावंच लागणार. म्हणालो, "वाघमारेंकडं." त्यांच्या चेहऱ्यावर राग नाही, तिरस्कार नाही, काहीच नाही. एकानं नुसता हात केला, "मंग खाली जा." खाली म्हणजे उतार नव्हे हो. सपाट गाव आहे. पण वस्ती 'खाली'. सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये ठरवलं की महारवाडा, मांगवाडा अशी जातीवाचक वस्त्यांची नावं कागदावरून काढायची, समतानगर, भीमनगर अशी लावायची. निर्णय चांगला. इथंही पाटी लागलीय. पाटीवर समतानगर, आणि पारावरून खाली.

काकीची विचारपूस सांगितलीच. मयत कुणी नाही म्हटल्यावर तिला धीर आला. तांब्याभर पाणी दिलं, खुर्ची पुसून दिली, भाकरी टाकायला बसली. बोलता बोलता तिच्या सासऱ्याचं निघालं, म्हणजे माझ्या चुलत आज्याचं. अठ्ठ्याहत्तरला काकी नुकती नांदायला आलेली. ऑगस्टात आसपासच्या गावांतून खबरा यायला लागल्या, घरं पेटवतात म्हणून. वस्तीतली माणसं तीन रात्री बाजरीच्या रानात लपली, लेकरांच्या तोंडावर हात दाबून. त्याआधी गावातल्या चार जणांनी म्हाताऱ्याला पारावर बोलावून विचारलं होतं. एवढंच म्हण, आम्हाला ते नाव-बिव नको, म्हणजे तुझ्या घराला कोणी हात लावणार नाही. काकी म्हणाली, "त्याला अक्षर येत नव्हतं का विद्यापीठ कुठी हाय ते ठावं नव्हतं. पर नाही म्हनायचं त्याला जमलं नाही. घर गेलं मंग."

मी विचारलं, काय म्हणाला तो त्यांना?

"काय म्हनंल? उगंच उभा राह्यला म्हनं. मान नाही हालवली."

भाकरी गिळेना मला. काकीला वाटलं तिखट लागलं. तिनं गूळ दिला.

बुधवारी पुन्हा वेरूळ. इथं मात्र थोडं थांबतो, कारण सगळ्यांनी एकदा जावं अशी ही जागा आहे. चौतीस लेणी एका रांगेत. पहिली बारा बौद्ध, मग ब्राह्मणी, टोकाला जैन. गाड्या सरळ कैलासापुढं माणसं ओततात. कैलास अचाट आहे, वरून खाली कातळ फोडत आणलेलं देऊळ, त्याला नावं ठेवणारा मी नव्हे. पण आपण दक्षिणेच्या टोकाला वळायचं. गाव कुठलंही असो, आपल्याला टोकाला जायची सवय आहेच. जुने इंग्रज साहेब लेण्यांवर जाडजूड ग्रंथ लिहायला आले तेव्हा त्यांना आसपासच्या लोकांनी या बौद्ध लेण्यांचं नाव सांगितलं ढेडवाडा. त्यांनी ते तसंच छापलं. आणि पाचव्या लेण्याला आजही गाइड म्हणतात, महारवाडा लेणं. पावसाळ्यात महार इथं आसऱ्याला राहायचे म्हणून, असं सांगतात. सरकारनं गावोगावचे महारवाडे कागदावरून पुसले, पण हा एक अजून गाइडच्या तोंडी आहे. तोही दगडात!

आत गेलो. सुमारे ११७ फूट लांब, ५८ फूट रुंद, चोवीस खांब. आणि मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दगडाचे दोन बुटके बाक, समोरासमोर. कडेला भिक्खूंच्या खोल्या. बाक कशाला? कुणी म्हणतात समोरासमोर बसून पाठांतर करायला, कुणी म्हणतात जेवायला. माझ्या डोळ्यांपुढं जेवणाची पंगतच आली. एका पातळीचा दगड, वर नाही, खाली नाही. संघात आधी कोण आला एवढ्यावरच मान ठरायचा. शाक्य राजपुत्र दीक्षेला आले तेव्हा त्यांनी आपल्याआधी उपाली न्हाव्याला दीक्षा घ्यायला लावली, का तर रोज त्याच्यापुढं वाकून आपला ताठा मोडावा म्हणून. त्या बाकावर कोण कोण बसलं असेल याचा विचार करत मीही टेकलो. १९३४ ला बाबासाहेबांची मंडळी हीच लेणी बघायला निघाली होती.

तेवढ्यात एका शाळेची सहल आली. पोरांचा कल्लोळ. गाइडनं पाठ केलेलं सांगितलं, "ये है महारवाडा." एक मुलगी, असेल पाचवी-सहावीतली, तिनं विचारलं, "सर, आता कुठं राहतात ते?" मास्तर काही बोलले नाहीत. गाइड पुढच्या लेण्याकडं निघाला.

पोरं गेल्यावर राखणदार माझ्यापाशी आला. वयस्क माणूस. "बाकावर बसता येत नाही भाऊ. कोणचे तुम्ही?"

मी उठलो. पूर्ण नाव सांगितलं, बापाचं, आडनाव, गाव, तालुका. एवढं त्यानं विचारलंही नव्हतं. तो म्हणाला, "गंगापूर का? तिकडं आमची बहीण दिलीय." मग म्हणाला, "दहा नंबर बघून घ्या लवकर, उन्हाचा कवडसा मूर्तीवर येतो, परत गर्दी होईल." एवढंच झालं. आकाश कोसळलं नाही. मी दहा नंबरला गेलो. कवडसा आला नाही, ढग होते.

स्टँडवर गाडीची वाट बघताना मोबाईल उघडला. त्या पोरांनी एक ग्रुप काढून मला त्यात घातलं होतं. फोटो होता, पाच जण, मेंढा तोफ. खाली लिहिलेलं, 'शिंदे, पुढच्या महिन्यात अंतूर किल्ला, येणार का?' मी लिहिलं : 'येईन. पण शिंदे नाही. वाघमारे. परवा खोटं सांगितलं होतं.' एवढं लिहायला मला एक गाडी सोडावी लागली.

निळ्या खुणा चारही जणांच्या आल्या. तिघांकडून काही नाही. शिव्या नाहीत, 'सॉरी' नाही, ग्रुपमधून काढलंही नाही. चौथ्यानं, ज्यानं अंधारीत हात दिला होता त्यानं, रात्री उशिरा लिहिलं, 'मग तेव्हा का नाही सांगितलंस?'

त्याला तीन आठवडे झाले. मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. चार वेळा लिहून पुसलं. एकदा चिडून लिहिलं, एकदा फारच गोड. दोन्ही पाठवण्यासारखं नव्हतं. इथं बरेच जण माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे आहेत. चहा होईपर्यंत मोबाईल टेबलावर ठेवतो. कुणाला सुचलं तर सांगा.